टोकाचा दाब

खोली नऊमध्ये पंखा बंद ठेवावा लागतो,
गार पडलेलं पाऊल खोटी साक्ष देतं.
म्हणून वीस मिनिटं नुसतं पडून राहायचं पांघरूण घेऊन,
तोवर मी लिहिते: मार्तंड लांभाते, वय एकाहत्तर,
राहणार छत्रीबाग, इंदूर. मधुमेह. विडी सोडली, म्हणतात.
उजव्या अंगठ्याला स्लीपर चावली श्रावणात.
आता दिवाळी होऊन गेली.

सून मोजा काढते, कांद्याचं आतलं साल सोलावं तशी.
अंगठ्याचं टोक भाजल्या वांग्याच्या रंगाचं.
"रात्री झोप?"
"लागते. पाय पलंगाखाली सोडला की लागते.
उतार द्यावा लागतो, बेटा. पाणी सपाटीवर चालत नाही आता."
पाणी म्हणाले. मी दुरुस्त केलं नाही.

दंडाला पट्टा. एकशे चव्वेचाळीस.
घोट्याला पट्टा, जेल, पेनाएवढा प्रोब तिरका धरून
हाडामागे शोधते, जिथे धमनी लपून बसते.
निरोगी पायाच्या ठोक्याला तीन सूर असतात,
याला एकच,
तोही पाय ओढत आल्यासारखा.

पट्टा फुगवते. दोनशे. आवाज थांबत नाही.
दोनशे चाळीस. दोनशे साठ.
सून म्हणते, "म्हणजे जोर चांगलाय नं?"
कागदावरचा भागाकारही तेच म्हणेल:
एकाच्या वर. उत्तम. घरी जा.
धमनीत चुना बसला की ती दबत नाही,
आणि न दबणारं काहीही
मोजणाऱ्याला बळकटच वाटतं.

हे कसं सांगावं ते शोधत असते,
तर म्हातारा आडव्यानंच हसतो.
"छत्तीस वर्षं नळखात्यात व्हॉल्व्ह फिरवले मी.
पहाटे चारला चावी खांद्यावर, सायकल, मागे कुत्री.
ऐसा है, मेनवरचा गेज नेहमी चांगलंच दाखवतो.
नर्मदा जलूदहून चढून येते, टाकी भरते, साहेब सही करतो,
आणि गल्लीच्या शेवटी बाई रिकामी बादली घेऊन उभी.
गेज नको बघू. टोकाच्या नळाला अंगठा लाव."

अंगठा.
विनोद होता की नव्हता, मला ठरवता आलं नाही.

शेजारच्या बोटाला चिमुकला पट्टा, नखाखाली लाल दिवा.
पडद्यावर रेघ आडवी.
हवा सोडते, हळू. साठ. चाळीस. तीस.
सून श्वास धरून. कॉरिडॉरमध्ये कुणाची तरी ट्रॉली.
बाविसावर रेघ जराशी उचलली,
झोपेत कुणी भुवई हलवावी, इतकीच.

"आवाज ऐकव की एकदा," ते म्हणाले, "वरपासून."
लोखंडी कांब रस्त्यावर टेकवून, दुसरं टोक कानाला,
असे ते म्हणे जमिनीखालची गळती ऐकत.
मी मांडीपासून खाली येत गेले.
गुडघ्यामागे आवाजाची अचानक शिट्टी झाली.
"हां. इथंच गळून राहिलंय."
"गळत नाही काका, चिंचोळं झालंय."
"तेच. कानाला दोन्ही सारखंच.
खोदल्यावर कळतं."

खोदणारे वरच्या मजल्यावर बसतात.
मी फक्त आकडा लिहिते, आणि त्या दिवशी
बावीसमधले दोन्ही दोन एकसारखे येईनात.
"बावीस म्हणजे किती?" सुनेनं विचारलं.
डॉक्टर सांगतील, म्हटलं.
मोजा पुन्हा चढवायला तिला काढण्याहून जास्त वेळ लागला.

परवा आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस.
पहाटे नळ आधी खोकला, मग नुसती हवा,
मग घोटभर गढूळ. बाहेर अंधारात
कुणीतरी लोखंडात लोखंड फिरवत होतं, आटे मोजत.
बादली लावायच्या आधी मी नळाच्या तोंडावर
अंगठा दाबून उभी राहिले.
दाब बरा होता.
आमचं घर टाकीजवळ आहे.